माणूस उठतो, हात राहतात

सर माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत, हातांकडे बघत. मी पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली काम शिकायला मिरजगावजवळच्या त्या माळावरच्या शेडमध्ये गेले, तेव्हा ते एका खोक्यावर बसून स्क्रू निवडत होते. मी नाव सांगितलं, विमान दुरुस्तीचा कोर्स कुठं केला ते सांगितलं. त्यांचं लक्षच नव्हतं.

"हात दाखव," म्हणाले.

मी ज्योतिष्याला दाखवतात तसा तळवा पुढं केला.

"तसा नाही. पालथा."

बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "गाव?"

"संगमनेर."

"बरं, संगमनेर. साबणानं धुऊन ये. पुसू नकोस, वाळू दे."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी संगमनेरच राहिले. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, कोण जाणे. "संगमनेर, पाना दे." "संगमनेर, जेवलीस का?" रागावले की मात्र, "कुठून आलीस गं तू?" असं विचारत, आणि मग मला पुन्हा संगमनेर असंच सांगावं लागे.

शेड, माळावरची मुरमाची धावपट्टी आणि ते चार माणसांचं छोटं विमान, सगळं आमच्या मालकांचं. त्यांची रस्त्याची कामं लांबलांब चाललेली असायची, तिकडं ते विमानानं जात. चालवायला पुण्याचे एक कॅप्टन होते. राखणीला जवळच्या वस्तीवरचे तात्या. धावपट्टीवर काळविटं येऊन उभी राहायची, त्यांना हुसकणं हे तात्यांचं मुख्य काम. आणि विमान सांभाळायला सर. ते अहमदनगरला सावेडीत राहायचे. एसटीनं यायचे, काम असेल तेवढे दिवस शेडमागच्या खोलीत मुक्काम करायचे आणि परत जायचे.

उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कुणाच्या हातात हात देत नसत. मालकांनाही लांबूनच नमस्कार. चहाचा कप दुसऱ्याच्या हातून घेत नसत, आधी खाली ठेवायला लावत. यात सोवळं-ओवळं काही नव्हतं. तात्यांच्या डब्यातली भाकरी ते मजेत खायचे. फक्त तात्यांनी ती ताटात ठेवून हात मागं घेतला पाहिजे.

"दोन माणसांचे हात एका वस्तूवर एकाच वेळी नकोत," एवढंच म्हणत.

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, बिजागरीवर वरखाली होणारी पत्र्याची एक लांबट फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. पायलटनं समोरचं स्टिअरिंगसारखं चाक डावीकडे फिरवलं की डाव्या पंखाची फळी वर जाते, उजव्याची खाली, आणि विमान डावीकडे कलतं. चाकापासून फळीपर्यंत पंखाच्या पोटातून स्टीलची केबल गेलेली असते. केबल बदला, पुली बदला, फळी बदला, काहीही केलं तरी शेवटी एक तपासणी असतेच. एकानं आत बसून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं बाहेर उभं राहून फळी बरोबर दिशेला जाते ना ते बघायचं. हे आम्हाला शिकवलेलंच होतं.

पण सर त्याआधी आणखी एक तपासणी करायचे. शेडचं दार लावून घ्यायचे. वारा कळावा म्हणून आढ्याला लोकरीचा एक लाल धागा लटकवलेला होता. तो जरा जरी हलत असला तरी थांबायचे. धागा स्थिर झाला की फळीखाली नुसता तळवा धरून उभे राहायचे आणि रिकाम्या विमानाला मोठ्यानं सांगायचे, "डावं."

मग थांबायचे.

"उजवं."

पुन्हा थांबायचे. काहीच व्हायचं नाही. मग हात काढून म्हणायचे, "रिकामं आहे. बस आता, संगमनेर."

पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा नाही हसले. त्या बंद पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, एक म्हातारा माणूस रिकाम्या खुर्चीला हुकूम देतोय आणि खरोखर वाट बघतोय, हे जवळून बघितलं की हसू येत नाही. उलट आपणही कान देऊन उभे राहतो.

एकदा धीर करून मी विचारलं, "सर, कोण बसलेलं असतं?"

"कुणी नसावं म्हणून तर विचारायचं," ते म्हणाले. "इंजिन हे यंत्र आहे. बिघडलं की आवाज करतं. कंट्रोल म्हणजे हात. माणूस उठतो, हात राहतात. पार्ट बदलला की कुणाचे हात घेऊन आलाय ते बघायला नको?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, याच्या त्यांनी मला वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या. एकीत त्यांचे गुरू होते, एकीत समुद्रकाठचा विमानतळ होता, एकीत त्यांच्या वडिलांचा छापखाना. कुठलीच दुसरीशी जुळायची नाही. मी नंतर विचारणं सोडून दिलं.

सावेडीला त्यांच्या घरी मी एकदोनदा गेले होते. काकू बोलक्या, गोल चेहऱ्याच्या. जेवायला बसलो तर सर पोळीचा पहिला घास तोंडात घालून म्हणाले, "आज आई जरा घाईत होती."

मी काकूंकडे बघितलं. सरांच्या आईंना जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

"सासूबाईंचं लाटणं आहे ना माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "त्यामुळं पोळ्या त्यांच्याच. मी नुसती उभी राहते ओट्याशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातची पोळी ह्या माणसानं अजून खाल्लेली नाही."

"नवीन लाटणं आणा की," मी म्हणाले.

"आणलं होतं. त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, आईला वाईट वाटेल."

त्यांची एक जुनी स्कूटर होती, दुसऱ्याकडून घेतलेली. ती त्यांनी विकून टाकली. कारण काय, तर एका चौकात आली की डावीकडं ओढायची. मागचा मालक डावीकडच्या गल्लीत राहायचा. कॅप्टनना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरधरून हसले. "अगं, पुढचं चाक वाकडं असेल!" सर शांतपणे म्हणाले, "इतर चौकात ओढत नव्हती."

तर असे सर. विचित्र, पण कामाला चोख. त्यांनी सही केलेलं विमान कॅप्टन डोळे मिटून उडवत. दोघांचं पटत मात्र नसे. कॅप्टन गॉगल लावणारे, अत्तर मारणारे, सारखे मोबाईलवर बोलणारे. सर म्हणत, "त्यांचे हात चांगले आहेत. बाकीचं बघू नये."

त्या मे महिन्यात एका दुपारी माळावर वावटळ उठली. शेडचा एक पत्रा उचकटला आणि विमानाच्या उजव्या पंखावर आदळला. पंख वाचला, पण उजव्या बाजूचा एलेरॉन चेपला, बिजागरीपाशी फाटला. बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कारखान्यातून नवा यायला बरेच महिने लागणार होते आणि मालकांना तेवढी सवड नव्हती. त्यांनी कुठल्या तरी व्यापाऱ्याकडून एक वापरलेला एलेरॉन मिळवला. परराज्यातल्या, मोडीत काढलेल्या एका विमानाचा. सगळी प्रमाणपत्रं रीतसर होती.

लाकडी खोक्यातून तो आला. पांढरा, त्यावर पिवळा पट्टा. आमच्या विमानाला निळा पट्टा होता. तात्या म्हणाले, "ठिगळ लावल्यागत दिसंल हे."

सर हात धुऊन आले. हात वाळू दिले. मग त्या फळीवर दोन्ही तळवे टेकवून, तापासाठी कपाळ बघावं तसे, बसून राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं. पत्रे तडतड वाजत होते.

"हलके हात आहेत," ते हळूच म्हणाले. "बाईमाणसाचे. नवशिके, पण उतावीळ नाहीत." मग माझ्या हातांकडे बघितलं. "तुझ्याएवढी असेल."

मी नकळत हात मागं घेतले.

त्यांनी माझ्याच मोबाईलवरून व्यापाऱ्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"तुम्ही पाठवलेला एलेरॉन ज्या विमानाचा होता, ते कोण चालवत होतं?"

"साहेब, ट्रेनिंगचं विमान होतं. पोरं शिकायची त्याच्यावर. कुणाकुणाचं नाव सांगू?"

"शेवटी कोण होतं?"

"एक मुलगी होती म्हणतात. एकटीच. इंजिन बंद पडलं, शेतात उतरवत होती. उजव्या पंखाला ओरखडासुद्धा नाही साहेब, तुम्ही पार्टची काळजी करू नका."

सरांनी फोन माझ्यासमोर खाली ठेवला, हातात दिला नाही.

आम्ही फळी बसवली. सरांनी कामात काही कसूर केली नाही. तिचं वजन दोन्ही कडांना समतोल आहे ना ते स्टँडवर तोललं, केबलचा ताण मोजला, बिजागऱ्यांचे बोल्ट सुटू नयेत म्हणून तार गुंफली. सगळं झाल्यावर दार लावून घेतलं. मी विमानाच्या नाकासमोर उभी होते, काचेतून आतलं चाक समोर दिसत होतं. वरचा लाल धागा खिळ्यासारखा सरळ होता.

सरांनी उजव्या फळीखाली तळवा धरला. "डावं," म्हणाले.

आणि चाक फिरलं.

झटका नाही, थरथर नाही. नवीन खुर्चीवर बसून माणूस हात ठेवून बघतो तसं सावकाश डावीकडं गेलं, थांबलं, परत मधे आलं. मी वर धाग्याकडं बघितलं, धागा जागेवर होता.

"उजवं," सर म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता, लहान मुलीशी बोलावं तसा.

चाक उजवीकडं गेलं.

सरांनी तळवा काढून घेतला आणि रिकाम्या विमानाला नमस्कार केला. "बसली आहे," ते म्हणाले. "पाहिलंस ना?"

"पाहिलं सर."

"मग मी सही करणार नाही."

संध्याकाळी कॅप्टन आले. सगळं ऐकून घेतलं, चाक स्वतः फिरवून बघितलं. "सर, फळीचं वजन मागंपुढं झालं असेल. ग्रॅव्हिटी आहे ती."

"ग्रॅव्हिटीला मराठी कळत नाही, कॅप्टन."

मालकांचा फोन आला. मालक सरांशी नेहमी अदबीनं बोलत, तसेच बोलले. पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून दुसरे इंजिनियर गाडीनं आले. चांगले, समंजस गृहस्थ होते. त्यांनी सगळं उघडून परत तपासलं, कुठं काही दोष निघाला नाही. निघणारच नव्हता, काम सरांचं होतं. त्यांनी सही केली आणि गेले.

कॅप्टन चाचणीचं उड्डाण करायला चढले. सर त्यांच्या शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"मीही येतो."

"कशाला सर? तुम्हीच सही केली नाहीत ना?"

"म्हणूनच. तुमचे हात तिच्या ओळखीचे नाहीत."

कॅप्टननी खांदे उडवले, पण दार उघडलं.

विमान वर गेलं. त्यांनी धावपट्टीवर एक घिरटी घालायची आणि उतरायचं, असं ठरलं होतं. घिरटी अर्धी झाली आणि विमान अचानक दक्षिणेकडं वळून सरळ निघून गेलं. लहान होत होत दिसेनासं झालं. आवाजही गेला. मी रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही.

"संगमनेरच्या ताई," तात्या माझ्यामागून म्हणाले, "ती बगा."

काळविटं धावपट्टीच्या कडेला येऊन उभी होती. विमानाच्या आवाजानं एरवी ती उधळायची. आज सगळी माना वर करून एकाच दिशेला बघत होती, विमान गेलं त्या दिशेला. तात्यांनी त्यांना हुसकलं नाही. आम्हीही त्यांच्यासारखेच उभे राहिलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझे हात घामानं ओले झाले होते आणि ते मी पुसलेही नाहीत.

मग आधी काळविटांचे कान हलले, आणि नंतर आम्हाला आवाज ऐकू आला.

विमान नीट उतरलं. कॅप्टन खाली आले ते थेट माठापाशी गेले आणि तांब्याच तोंडाला लावला. गॉगल कुठं तरी पडला होता. सर शेडच्या सावलीत भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून.

"काय झालं?" मी विचारलं.

"चाक माझ्या हातात नव्हतं," कॅप्टन म्हणाले. "अडकलं नव्हतं, समजलं का? अडकलेलं चाक मला कळतं. हे कुणीतरी धरलेलं होतं. मी उजवीकडं जोर लावला की ते तेवढाच जोर डावीकडं लावायचं. मी घाबरलो. आणि हे," त्यांनी सरांकडं बोट केलं, "हे हात मांडीवर ठेवून म्हणतात, सोडा चाक. कुठं नेते ते बघू."

"आणि सोडलंत?"

"काय करणार? सोडलं." त्यांनी तोंड पुसलं. "इतकं छान चालवत होती गं. मी शिकत असताना मला असं जमलं नव्हतं. नदीपर्यंत नेलं. नदीच्या वळणावर एक शाळा आहे, शाळेमागं एक घर, वर केशरी टाकी. त्या घराभोवती फेरी घातली. गच्चीवर एक बाई काहीतरी वाळत घालत होती. हिरवी साडी. तिनं दोन्ही हात वर केले. आणि मग चाक एकदम सुटलं. मोकळं झालं. मी धरलं आणि आणलं परत."

तात्या ऐकत होते, ते खाली बसले.

"भीमाकाठची ती शाळा व्हय?" त्यांनी विचारलं. "अवो, ती मास्तरीन बाईंची गच्ची हाय. त्यांची पोरगी इमान शिकाया गेल्ती लांब. शिष्यवृत्ती मिळाली हुती तिला. पेपरात फोटूबी आल्ता. मागल्या वरसाला गेली ती पोर. इमानच पडलं तिचं."

कॅप्टननी हातातला तांब्या उपडा ठेवला, तो लवंडला आणि घरंगळत गेला, तरी कुणी उचलला नाही.

दुसऱ्याच दिवशी सर आणि मी त्या गावाला गेलो. तात्यांच्या भाच्यानं जीपनं सोडलं. बाईंचं घर लहान, स्वच्छ. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलीचा फोटो, पांढऱ्या शर्टातली, हसरी. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, सुट्टी होती म्हणून घरीच होत्या. आम्ही विमानाच्या शेडमधून आलो एवढंच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी वाटच बघत होते. बसा."

सर काही बोलायच्या आत त्याच बोलू लागल्या.

"ती फोनवर सांगायची, आई, लायसन मिळालं की घरावरून जाणार आहे. तू गच्चीवर ये. मी म्हणायचे, विमानं रोज जातात, तुझं कोणतं ते मला काय कळणार? तर म्हणायची, मी पंख हलवीन. एकदा डावा, एकदा उजवा, एकदा डावा. तसं केलं की समज मी आहे." त्यांनी पदर सारखा केला. "काल मी कुरडया घालत होते. विमान आलं, फेरी मारली आणि पंख हलवले. डावा, उजवा, डावा. ते कुणी हलवले, तुम्ही की पायलटनं?"

मी सरांकडं बघितलं. पंख हलवल्याचं कॅप्टन आम्हाला बोलले नव्हते. सरही बोलले नव्हते.

"आमच्या दोघांचेही हात मांडीवर होते," सर म्हणाले.

बाई रडल्या नाहीत. मान हलवली, जणू वर्गातल्या मुलानं बरोबर उत्तर दिलं. मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं, ती फळी कुठून आली, कशी बसवली, चाक कसं फिरलं. काही झाकलं नाही आणि काही वाढवलं नाही. ऐकता ऐकता बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"म्हणजे ती फळी विमानाला आहे तोवर ती येईल?"

"येईल असं वाटतं."

"मग काढू नका."

"ती मी आजच काढणार आहे, बाई."

"का? तिनं कुणाचं काय वाईट केलं? नीट परत आणलं ना तुम्हाला?"

"तिनं वाईट केलं नाही. पण त्या विमानात माणसं बसतात. चाक एकाच्या हातात पाहिजे. कॅप्टनलाही आई आहे."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला. "तुमच्या पोटचं कुणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला! ती आली होती हो, माझ्या घरावर आली होती. आणि तुम्ही तिला स्क्रू काढून खाली उतरवणार?"

सर उठले. आम्ही निघालो. फाटकापाशी सर वळून म्हणाले, "ती फळी तुम्हाला आणून देऊ का?"

"मला पत्रा नको," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सरांनी त्याच दिवशी फळी काढली. कॅप्टन शेजारी उभे राहून त्यांना पाने देत होते, एकेक खाली ठेवून, हात मागं घेऊन. या वेळी मालकही काही बोलले नाहीत. कॅप्टननीच त्यांना फोन करून सांगितलं होतं की नवीन पार्ट येईपर्यंत मी उडणार नाही. कारण काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

पावसाळा गेला. कारखान्यातून नवा एलेरॉन आला, कोरा, अजून कुणाचा हात न लागलेला. सर तो बसवत असताना बाई आल्या. मिरजगावच्या फाट्यावर एसटीतून उतरून माळ तुडवत चालत आल्या होत्या. कुणाला काही न सांगता जुन्या फळीपाशी गेल्या. ती भिंतीशी एका सतरंजीवर ठेवलेली होती. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"थंड आहे," म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले. "परवापासून थंड आहे."

बाद केलेला पार्ट पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापून टाकायचा, असा आमच्यात नियमच असतो. सरांनी ते इतके दिवस लांबवलं होतं. बाईंना त्यांनी समजावून सांगितलं. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मी धरते एका बाजूनं."

आणि धरली. सर करवत चालवत होते, बाईंनी दुसरं टोक घट्ट धरलं होतं. दोन माणसांचे हात एका वस्तूवर, हे सरांनी माझ्यादेखत तेवढं एकदाच चालवून घेतलं. कापताना काही झालं नाही. चाक हललं नाही, वारा सुटला नाही. पिवळ्या पट्ट्याचा कीस दोघांच्या हातांवर पडत राहिला.

काम झाल्यावर सर म्हणाले, "उद्या नव्या फळीचं पहिलं उड्डाण आहे. मी सही केली आहे. तुम्ही येता का आमच्याबरोबर?"

बाईंनी कॅप्टनकडं बघितलं. कॅप्टन जमिनीकडं बघत म्हणाले, "पुढंच बसा, माझ्या शेजारी. मालकांना मी विचारलंय."

मला वाटलं, मलाही मागं बसायला मिळेल. पण सरांनी मला बाजूला घेतलं. "संगमनेर, तू उद्या त्यांच्या गच्चीवर जाऊन उभी राहा. बाई विमानात असताना गच्ची रिकामी नको."

मी गेले. सकाळची वेळ, आभाळ निळं, खाली नदी भरलेली. केशरी टाकीपाशी मी एकटी उभी राहिले. बाईंनी घराची किल्ली दिली होती, खालचं दार मी आतून लावून घेतलं होतं. गच्चीवर एका बाजूला दोरीवर कपडे होते आणि सगळीकडं इतकं शांत होतं की माझा श्वास मला ऐकू येत होता. मध्येच मला वाटलं की जिन्यात पाऊल वाजलं. वळून बघितलं, जिना रिकामा होता.

मग विमान आलं. घराभोवती फेरी घातली, आणि पंख हलले. डावा, उजवा, डावा. ओबडधोबड, जरा जास्तच जोरात, पहिल्यांदाच चाक धरलेल्या माणसानं हलवावेत तसे. बाईच होत्या त्या. मी दोन्ही हात वर करून हलवले, विमान दिसेनासं होईपर्यंत हलवत राहिले.

माळावर परतले तेव्हा बाई शेडबाहेर खाटेवर बसून चहा पीत होत्या. मला बघून त्यांनी हात पुढं केले आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी आधी बघितला नव्हता.

"किती लहान दिसतं गं वरून सगळं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, गच्चीवरचं माणूस दिसायचंच नाही. पण दिसलात. दोघी दिसलात, दोघीही हात हलवत होतात."

मी कॅप्टनकडं बघितलं. ते विमानाची काच पुसत होते, आणि पुसून झालेली काच पुन्हा पुसत होते.

बाई गेल्यावर मी शेडमध्ये गेले. सर हात धुऊन ते वाळवत उभे होते.

"सर, गच्चीवर मी एकटीच होते," मी म्हणाले. "तुम्ही मागं बसला होतात. तुम्हाला किती जणी दिसल्या?"

सरांनी माझ्या हातांकडं बघितलं, अगदी पहिल्या दिवशी बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. मग पहिल्यांदाच चेहऱ्याकडं बघितलं.

"मी खाली बघितलंच नाही," ते म्हणाले. "मी चाकाकडं बघत होतो. बाई चांगलं चालवत होत्या."